पहाटेचा टेम्पो आणि मुडपलेली जास्वंद

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जास्वंदीच्या चारशे पिशव्यांतले शेंडे एकाच दिशेने मुडपायला लागले. गणपतीसाठी लाल जास्वंदीची मागणी नोंदवून झाली होती आणि कलमं मुळं धरून पिशव्यांत भरून पंधरा-वीस दिवस झाले होते. नवी पालवी फुटायच्या ऐन वेळी पानं अरुंद आणि चामट झाली. शिरा पंख्याच्या काड्यांसारख्या जवळजवळ आल्या आणि देठ खाली वाकले. शेजारच्या ट्रेमध्ये टोमॅटो आणि मिरचीची रोपं होती. त्यातली काही उगवलीच नाहीत, आणि जी उगवली ती बुडख्यापाशी पीळ घातल्यासारखी वळली होती.

घोडबंदर रोडवर ओवळ्याच्या पुढे, गायमुखच्या अलीकडे ही नर्सरी आहे. मी तिथे सुपरवायझर आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आल्यावर रोपं, कीड, खतं ही माझी कामं असं मी धरून चालले होते. माल उतरवणं आणि रचणं हे मुकादमाचं काम, त्यात आपण पडायचं नाही, असा माझा समज होता. त्या जुलैमध्ये तो मोडला. हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या बहुतेक नर्सऱ्यांत माल असाच येतो, असाच उतरतो आणि अशाच एका पत्र्याच्या शेडमध्ये जातो.

आधी चुकलेलं निदान

मुडपलेलं पान दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द तोंडात येतो तो चुरडामुरडा. पांढरी माशी, फुलकिडे, कोळी, विषाणू, या सगळ्यांनी पान आकसतं. मालकांनीही तेच म्हटलं आणि मी मान डोलावली. दोन फवारण्या झाल्या. निळे-पिवळे चिकट सापळे लावले. सापळ्यांवर फारसं काही सापडलं नाही आणि पालवी मुडपतच राहिली.

दुसरी शंका क्षारांची. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नीट धुतलेलं नसलं तर त्यात मीठ राहतं. मीठ असलं की विद्युतवाहकता वाढते, म्हणून ती मीटरवर मोजली, ती कमी निघाली. शिवाय क्षाराने पानाची टोकं आणि कडा करपतात. इथे करपलेलं काहीच नव्हतं. पानं हिरवीगार होती, फक्त त्यांचा आकार बिघडला होता.

दोन गोष्टी मात्र बसत नव्हत्या. माशीने पसरणारा रोग एका कडेने शिरतो आणि सरकत जातो. इथे बाधित पिशव्यांची रांग जिथे संपत होती तिथे तो थांबत होता, पलीकडच्या रांगेतली जास्वंद ठणठणीत होती. दुसरी गोष्ट माझ्या नाही, पिशव्या भरणाऱ्या मावशींच्या लक्षात आली. त्या येऊरच्या पाड्यावरून येतात, गेली बारा वर्षं इथे आहेत. मी पानं उलटून बघत बसले होते. त्या मागून म्हणाल्या, "ताई, हीच माती आम्ही पामला पण भरली. त्याला बघा, काय सुदिक नाय झालं."

खरंच. त्याच दिवशी, त्याच ढिगातून भरलेले अरेका पाम ताठ उभे होते. लिलीही चांगली होती. टोमॅटो, मिरची, जास्वंद, झिनिया या द्विदल झाडांचं नुकसान आणि पाम, लिली या एकदल झाडांना काहीच नाही. असा भेद करणारा रोग मला माहीत नाही. असा भेद करणारं एक औषध मात्र माहीत होतं, कारण त्याचा उपयोगच त्यासाठी होतो: २,४-डी. रुंद पानाचं तण मारायचं आणि गवत सोडायचं. लॉनच्या कामासाठी आमच्याकडे ते जूनमध्येच आलं होतं.

ती पहाट

जूनचा दुसरा आठवडा होता आणि पाऊस नुकताच लागला होता. दिवसा या रस्त्यावर अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात, त्यात गायमुख घाटात एखादी गाडी बंद पडली की रांग लागते. त्यामुळे आमचा माल रात्री उशिरा नाहीतर पहाटे येतो. त्या दिवशी पाचच्या सुमाराला दोन गाड्या मागोमाग आल्या.

पहिली होती आंध्रातल्या कडियमची. राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांतून देशभर रोपं जातात. आमच्यापर्यंत पोचायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात. ताडपत्रीखाली कोंडलेली रोपं पोचल्याबरोबर खाली घ्यावी लागतात, सावलीत मोकळी उभी करावी लागतात आणि मग हलकं पाणी द्यावं लागतं. लगेच उन्हात ठेवली तर पानगळ होते आणि नुसती एकमेकांना चिकटून ठेवली तर आतली पानं कुजतात. हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून मुकादम, दोन्ही मुलगे आणि मावशी, सगळे तिकडे धावले. त्यात काही चूक नव्हती.

दुसरा टेम्पो भिवंडीच्या गोदामातून कशेळी-बाळकुममार्गे आला होता. त्यात पाच किलोचे कोकोपीटचे साठ ठोकळे, गांडूळखताच्या गोण्या, निंबोळी पेंड, १९:१९:१९ या खताच्या पंचवीस किलोच्या चार गोण्या, रिकाम्या कुंड्या आणि तणनाशकाचे पाच लिटरचे चार कॅन होते. पुरवठादाराने सगळा माल एकाच गाडीत घातला होता आणि कॅन कोकोपीटच्या थप्पीवर ठेवले होते. ड्रायव्हरला सात वाजायच्या आत परत फिरायचं होतं. त्याच्या मुलांनी माल शेडमध्ये उतरवला. मुकादमाने लांबूनच नग मोजले, मोबाइलच्या उजेडात चलनावर सही केली. चलनावर खाली छापलेलं होतं, "माल मोजून, सुस्थितीत मिळाला".

नग बरोबर होते. साठ म्हणजे साठ, चार म्हणजे चार.

वरचे पाच ठोकळे ओले होते. रात्रभर पाऊस पडत होता, ताडपत्री ठिबकत होती, तेव्हा ते पावसाचं पाणी असणार असंच सगळ्यांना वाटलं. वास आला नाही का, असं मी नंतर प्रत्येकाला विचारलं. शेडमध्ये औषधांचा वास कायमच असतो. नाकाला त्याची सवय झालेली असते, नवा वास वेगळा कळत नाही.

पुढचं जे घडलं ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते काटकसरीतून घडलं. ओला ठोकळा फुगतो, त्याला बुरशी येते, म्हणून तो आधी वापरायचा, हा नर्सरीतला शहाणा नियम आहे. मावशींनी तोच पाळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पाच ठोकळे टाकीत घातले.

मी विचारल्यावर त्यांना एक गोष्ट आठवली. कोकोपीट भिजवलं की पाणी कोऱ्या चहासारखं लाल होतं. त्या दिवशी ते दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. त्यांना वाटलं चुना असेल. तणनाशकाचा हा प्रकार तेलात विरघळवलेला असतो आणि पाण्यात पडला की दुधाळ होतो. पंपात औषध घालणाऱ्या कोणालाही हे रोज दिसतं. टाकीत तसं काही दिसेल ही अपेक्षाच कोणाला नव्हती.

"आणि हाताला?" मी विचारलं.

त्या जरा थांबल्या. मनगटं दोन दिवस चुरचुरत होती म्हणाल्या. खोबरेल लावलं, गेलं. सांगितलं नाही, कारण पिशव्या भरताना हात चुरचुरणं ही सांगण्यासारखी गोष्ट त्यांना कधी वाटलीच नव्हती.

या ओळी लिहिताना अजूनही माझा हात अडखळतो. चारशे जास्वंदी परत लावता येतात. अंगावर औषध पडलं तर कपडे बदलायचे, साबणाने भरपूर पाण्यात धुवायचं आणि त्रास वाटला तर डब्यावरचं लेबल घेऊन डॉक्टरकडे जायचं, हे फवारणी करणाऱ्या मुलांना मी दर वर्षी सांगते. माती भरणाऱ्या बायकांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा औषधाशी संबंध येतो असं मी मानतच नव्हते.

एका चमच्याचा हिशेब

मालकांना पटत नव्हतं. ते म्हणाले, "थोडंसं सांडलं असेल ताई. त्याने एवढी झाडं जातील का?"

मी कागदावर मांडून दाखवलं. आमच्या शेडमधल्या कॅनवर अडतीस टक्के लिहिलेलं होतं. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात साधारण दोन ग्रॅम मूळ औषध आलं. पाच किलोचा एक ठोकळा भिजून साधारण सत्तर लिटर होतो. पाच ठोकळ्यांचं साडेतीनशे लिटर कोकोपीट, त्यात तेवढीच लाल माती आणि तेवढंच खत, म्हणजे मिश्रण झालं हजार-साडेदहाशे लिटर. एकच चमचा सांडला असं धरलं तरी लिटरमागे दोन मिलिग्रॅम.

आता शेताकडे बघू. तण मारायला हेक्टरी साधारण अर्धा ते एक किलो मूळ औषध लागतं. एका हेक्टरची वरची दहा सेंटिमीटर माती म्हणजे दहा लाख लिटर. एक किलो त्यात मिसळलं तर लिटरमागे एक मिलिग्रॅम होतं. म्हणजे एका चमच्याने आमच्या पिशव्यांत शेतातल्या पूर्ण मात्रेच्या दुप्पट औषध गेलं. टोमॅटो याहून कितीतरी कमी मात्रेला मुडपतो. जास्वंद कापसाच्या कुळातली, आणि कापूस या औषधाला किती हळवा असतो हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही.

कोकोपीट वाळलेलं आणि दाबलेलं होतं, त्यानेही घात केला. ओलसर, जिवंत मातीत हे औषध जिवाणू काही आठवड्यांत खाऊन टाकतात. कोरड्या ठोकळ्यात जिवाणूंना काम करायला ओलच नसते. स्पंज जसं धरून ठेवतो तसं कोकोपीटने ते धरून ठेवलं.

हिशेब बरोबर असला तरी तो पुरावा नव्हता. म्हणून पेले मांडले.

पेले

प्रयोगशाळेत नमुना पाठवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. झाडालाच विचारायची जुनी पद्धत आहे: संशयित मातीत हळवं बी पेरायचं आणि वाट बघायची. मी कागदी पेल्यांना खालून भोकं पाडली. एका गटात जास्वंदीच्या पिशवीतलं मिश्रण घेतलं. दुसऱ्यात त्याच टेम्पोतून आलेल्या, पण थप्पीच्या तळाशी असलेल्या कोरड्या ठोकळ्याचं कोकोपीट. तिसऱ्यात त्याच दिवशी आलेल्या बंद गोणीतलं गांडूळखत. चौथ्यात नुसती लाल माती. पाचव्यात पुन्हा संशयित मिश्रण, पण त्यात मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला सक्रिय कोळसा बारीक करून मिसळलेला. कोळसा असली औषधं शोषून धरतो, त्यामुळे मिश्रणात तणनाशक असेल तर या पेल्यातली रोपं बरी दिसायला हवीत. दुखणं दुसरं काही असेल तर फरक पडणार नाही.

सहावा गट मी केवळ काही राहायला नको म्हणून घेतला: शेडमध्ये खालच्या फळीवर उघडी पडलेली गांडूळखताची गोणी. ती मे महिन्यात आली होती, तिचा त्या टेम्पोशी संबंध नव्हता.

प्रत्येक गटात घेवडा, टोमॅटो आणि ज्वारी पेरली. सगळे पेले एकाच सावलीत, एकाच नळाच्या पाण्यावर ठेवले. मुकादम रोज सकाळी येऊन बघून जायचे, काही बोलायचे नाहीत.

अकराव्या दिवशी चित्र स्पष्ट झालं. ज्वारी सगळीकडे सरळ. तळाचं कोकोपीट, बंद गोणीतलं खत आणि लाल माती यांतला घेवडा आणि टोमॅटोही सरळ. संशयित मिश्रणातला घेवडा जाड देठाचा आणि पिळलेला, त्याच्या तिसऱ्या पानाच्या कडा कंगव्यासारख्या. कोळशाच्या पेल्यांत पीळ बराच कमी. इथवर माझा अंदाज बरोबर निघाला होता.

सहाव्या गटातला टोमॅटोही मुडपला होता. थोडाच, पण नक्की.

वरची फळी

त्या क्षणापर्यंत हे प्रकरण माझ्या मनात पुरवठादाराचं होतं. त्याने औषध आणि कोकोपीट एका गाडीत भरलं, कॅन गळका दिला, नुकसान त्याने भरून द्यावं. मे महिन्यातल्या गोणीने तो दावा अर्धा केला.

मी शेडमध्ये गेले. चारही कॅन वरच्या फळीवर होते. औषधं मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून वर ठेवायची, ही आपल्या घरातली सवय, तीच नर्सरीत आलेली. बरोबर खालच्या फळीवर ती गोणी. वरच्या फळीच्या लाकडावर एक काळपट गोल होता, कॅनच्या बुडाएवढा, आणि त्याच्यापासून कडेपर्यंत बारीक ओघळ. चारही कॅन काट्यावर ठेवले. तीन एकसारखे भरले, चौथा साधारण तीनशे चाळीस ग्रॅमने हलका. झाकण घट्ट होतं. आतल्या चकतीच्या कडेला केसाएवढी फट होती. कॅन आडवा झाला की गळायचा. वरच्या फळीवर उंची कमी पडते म्हणून आमच्याच मुलांनी तो आडवा घातला होता.

म्हणजे गळती टेम्पोत झाली आणि आमच्याकडे पुढेही चालू राहिली. टेम्पोतल्या गळतीने जास्वंद गेली. शेडमधली गळती आणखी चार-सहा आठवडे कळली नसती, तर श्रावणातल्या झेंडूच्या रोपांत गेली असती, आणि तेव्हा कोणत्याही टेम्पोचा संशय कोणाला आला नसता.

यात आणखी एक भर होती. २,४-डीचा हा इथाइल एस्टर प्रकार उन्हात हवेत उडतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे-जूनच्या उकाड्यात झाकण घट्ट नसलेला कॅन स्पर्शाशिवायही जवळच्या रोपांना बाधू शकतो. आमची रोपवाटिकेची जाळी त्या शेडला लागूनच होती. तिथे काही बाधलं होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. जाळीची जागा मात्र बदलली.

कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. कायद्याच्या भाषेत तणनाशकही कीटकनाशकांतच येतं. औषधं इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलुपाच्या वेगळ्या कपाटात ठेवायची आणि ती खोली कोरडी, उजेडाची, हवेशीर असायची. मी हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

सही

पुरवठादाराकडे गेलो. हलका कॅन त्याने बदलून दिला, कारण वजन समोर होतं. रोपांच्या नुकसानीला मात्र तो साफ नाही म्हणाला. त्याने चलन पुढे केलं: सुस्थितीत मिळाला, खाली आमची सही. त्याच्या जागी मी असते तरी कदाचित तेच केलं असतं. मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात, वाहतूकदाराकडून नुकसानभरपाई हवी असेल तर माल बुक झाल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. दिवस आमच्या हातात होते. ओले ठोकळे मात्र आता मातीत मिसळलेले होते, फोटो नव्हता, चलनावर एक शब्द नव्हता.

मालक मुकादमावर चिडले. दोन दिवस नर्सरीत कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, आणि इथेही ठामपणे लिहिते, की चूक मुकादमाची नव्हती. त्यांना नग मोजायला सांगितलं होतं, त्यांनी मोजले. नगाखेरीज काय बघायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. गेटपाशी दिवा नव्हता. माल थांबवून ठेवायला जागा नव्हती. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना "थांब" म्हणायचा अधिकार त्यांना आहे, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. सही त्यांची होती, पण ती करताना नाही म्हणायची सोय आम्ही ठेवली नव्हती.

माल गाडीतून उतरतो तेवढ्या वीस मिनिटांत दोष कोणाचा ते सांगता येतं. ओली गोणी, फाटका कोपरा, हलका कॅन, मुदत संपलेलं पाकीट, सगळं तेव्हा देणाऱ्याचं असतं. थप्पीत गेलं की आपलं. पिशवीत गेलं की ते झाडाचं होतं, आणि झाडाला चलन दाखवता येत नाही.

काय बदललं

पहिली गोष्ट केली ती गेटपाशी दोन ट्यूबलाइट आणि एक पाऊस लागणार नाही असा पत्रा. खर्च फार नव्हता. माल आता तिथे फरशीवर उतरतो, थेट शेडमध्ये जात नाही. एकाच पहाटे दोन गाड्या आल्या तर जिवंत रोपं आधी, हा नियम तसाच आहे. दुसरी गाडी तोवर उभी राहते आणि ड्रायव्हरला हे मागणी नोंदवतानाच कळवलेलं असतं.

मुकादम आता काय बघतात ते त्यांनी स्वतःच ठरवलंय. प्रत्येक कॅन हाताने उचलून बघायचा, बरोबरीच्या कॅनपेक्षा हलका लागला तर काट्यावर. कॅन उलटा करून खाली कागद धरायचा. ओलं काही असेल तर बोट लावून बघायचं नाही, कागद टेकवायचा: पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा राहतो. ही युक्ती त्यांची, भजी तळून काढलेल्या वर्तमानपत्रावरून सुचलेली. गोण्यांवरची तारीख, शिवण, औषध किती विषारी ते सांगणारी रंगीत चौकोनाची खूण आणि मुदत बघायची. शंका आली की चलनावर स्वतःच्या अक्षरात लिहायचं, "पाच नग ओले, तपासणी बाकी", दोन फोटो घ्यायचे आणि मगच सही.

शंकेचा माल "थांबा" कोपऱ्यात जातो. लाल रंगाने रंगवलेली चार फरशांची जागा आहे ती. तिथलं काहीही माझ्या किंवा मालकांच्या होकाराशिवाय वापरायचं नाही. ओलं आधी वापरायचा जुना नियम तसाच आहे. फक्त ते कशाने ओलं झालं ते आधी बघायचं.

शेडचं काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण ते कोणत्याही पुस्तकात मिळेल. औषधांचं लोखंडी कपाट शेडच्या बाहेर, रोपवाटिकेपासून लांब, कुलपात. द्रव औषधं सगळ्यात खाली, पत्र्याच्या ट्रेमध्ये उभी. पावडर वर. तणनाशक आणि त्याचा पंप यांचं वेगळं कपाट. तणनाशकाचा पंप दुसऱ्या फवारणीला वापरायचा नाही, त्यावर लाल पट्टा. खताच्या गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून, कारण पावसाळ्यात इथल्या भिंतीच पाझरतात. १९:१९:१९ आणि कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल पितात, त्यामुळे उघडलेली गोणी पिंपात. निंबोळी पेंड ओली झाली की तापते आणि बुरशी धरते, तिला सगळ्यात कोरडा कोपरा.

खुणेची पद्धत मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यामुळे पुढच्या वेळी शोध सोपा होईल. प्रत्येक गाडीच्या मालाला एक रंग. ठोकळ्यावर, गोणीवर त्या रंगाचा ब्रशचा फटकारा. पिशव्या भरल्या की त्या रांगेच्या पहिल्या पिशवीला त्याच रंगाची फीत. वही लिहायला कोणाला वेळ नसतो आणि पहाटेच्या पावसात वही भिजते. फीत मावशींना आवडते. अमुक रांग कुठल्या गाडीची, हे आता नर्सरीत उभं राहून बोट दाखवून सांगता येतं. जुलैत हे असतं तर दोन फवारण्या आणि पंधरा दिवस वाचले असते.

आणि मातीत हात घालणाऱ्या सगळ्यांना रबरी हातमोजे. सुरुवातीला ते कोणी घालत नव्हतं, घामाने हात चिकट होतात, पिशवीचं तोंड उघडत नाही. आता निदान ठोकळा फोडताना आणि टाकीत हात घालताना घालतात. टाकीचं पाणी नेहमीपेक्षा वेगळं दिसलं तर काम थांबवायचं आणि हाक मारायची. मावशींनी ऑगस्टमध्ये एकदा हाक मारली. पाण्यावर नुसता फेस होता, काही निघालं नाही. मी त्यांना म्हटलं, परत असंच बोलवा.

जास्वंद आणि ड्रम

चारशेपैकी सव्वाशे जास्वंदी वाचवायचा प्रयत्न केला. मूळ धुऊन, शेंडे छाटून, स्वच्छ मातीत लावल्या. गणेशोत्सवात त्यातल्या एकाही झाडाला विकण्यासारखं फूल नव्हतं. मागणी नोंदवलेल्यांना मालकांनी स्वतः फोन करून नाही सांगितलं. ऑक्टोबरमध्ये नवी पालवी सरळ यायला लागली.

खराब मिश्रणाचा प्रश्न जास्त अवघड होता. कोणीतरी म्हणालं, मागच्या नाल्यात सोडा. तो नाला खाडीला मिळतो. मी सरळ नाही म्हटलं आणि मालक माझ्या बाजूने उभे राहिले. दुसरं कोणी म्हणालं, नुसत्या पामला वापरा. पामची कुंडी घरी नेऊन कोणी त्यात मिरची लावली तर? तेही नाही. मिश्रण ड्रमांत भरून छपराखाली ठेवलं. ड्रम बंद ठेवले तेव्हा काहीच बदललं नाही. मग त्यात शेणकाला घातला, ओल धरली, आठवड्याला उलथं-पालथं केलं, जिवाणूंना हवा मिळावी म्हणून. दर महिन्याला तिन्ही ड्रमांतून एकेक पेला घेऊन घेवडा पेरतो.

दिवाळीनंतरच्या चाचणीत दोन ड्रमांतला घेवडा सरळ आला. तिसऱ्यातला पहिल्या दोन पानांपर्यंत चांगला होता. तिसरं पान उघडलं तेव्हा त्याची एक कड आत वळलेली होती. मुकादमांनी ते पान उजेडात धरून बराच वेळ पाहिलं, ड्रमावरची लाल फीत तशीच ठेवली आणि शेणकाल्याची बादली आणायला गेले.